नेमबाजाचा कान

दसऱ्याच्या दिवशीं महाराष्ट्रांत शस्त्रांची पूजा होते. ज्या घरीं पूर्वजांची एखादी तलवार उरली असेल, तेथें ती पुसून, तेल लावून पाटावर मांडली जाते. आणि पोलिसांच्या शस्त्रागारांत बंदुका ओळीनें उभ्या करून त्यांस गंधफूल वाहण्यांत येतें. हिंगोलीचा दसरा तर साऱ्या मराठवाड्यांत नांवाजलेला आहे. तेथें रामलीला मैदानावर रावण जळूं लागला आणि दारूकाम फुटूं लागलें, म्हणजे लहान मुलें आईच्या पदराआड शिरून दोन्ही हातांनीं कान झांकून घेतात. हें त्यांस कोणीं शिकविलेलें नसतें. मोठा झाल्यावर मात्र मनुष्य हें उपजत शहाणपण विसरतो. बंदुकीची नळी तो मनापासून साफ करतो, चाप तपासतो, दस्त्याला ओल लागूं देत नाहीं. परंतु त्या बंदुकीच्या शेजारीं ज्या दोन नाजूक इंद्रियांना राहावें लागतें, त्या कानांची पूजा दूरच राहो, साधी विचारपूसहि होत नाहीं.

हिंगोलीस बंदुकीचा आवाज नवा नाहीं. निजामाच्या राज्यांत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथें होती, ती १९०३ सालीं उठली. पुढें १९४८ मध्यें संस्थान भारतांत आलें, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें आणि १ मे १९९९ रोजीं परभणींतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा बनला. आज राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट या शहरीं आहे, आणि बंदूक चालविणें हें तर जवानाच्या शिक्षणाचें मुख्य अंग होय. महाविद्यालयांतील छात्रसेनेचीं मुलेंमुली शिबिरांत ‘पॉइंट टू टू’ जातीच्या लहान रायफलीनें पहिला नेम धरतात. आणि अलीकडे नेमबाजी हा खेळ म्हणूनहि मराठी घरांत शिरला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्युनिक येथें जागतिक विजेतेपद मिळविलें. त्याच शहरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत पिस्तुलांत सुवर्णपदक पटकाविलें. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या प्रकारांत कांस्यपदक जिंकलें. तेव्हांपासून गांवोगांवचे पालक मुलांस घेऊन नेमबाजीच्या वर्गाची चौकशी करूं लागले आहेत. ते बंदुकीची किंमत विचारतात, अंगरख्याची विचारतात, परवान्याचेंहि विचारतात. कानांचें क्वचितच कोणी विचारतो.

आवाज मोजण्याचें माप डेसिबेल या नांवानें ओळखलें जातें. हें माप किराणा दुकानांतील तराजूसारखें सरळ चालत नाहीं. दर १० डेसिबेलांस आवाजाची तीव्रता दहापट होते. २० डेसिबेलांस शंभरपट, ३० स हजारपट. दोन माणसें समोरासमोर बसून बोलतात तो आवाज सुमारें ६० डेसिबेल असतो. ‘पॉइंट टू टू’ रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशीं सुमारें १४० डेसिबेलपर्यंत जातो. मधलें अंतर ८० चें. म्हणजे तीव्रतेच्या हिशेबानें दहा कोटीपट. पोलिसांच्या व सैन्याच्या मोठ्या काडतुसांच्या बंदुका १५० च्या पलीकडे जातात, आणि कित्येक १६० सहि ओलांडतात. क्षणिक धक्क्याच्या आवाजासाठीं मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा १४० डेसिबेल धरण्याची पद्धत आहे, आणि मुलांसाठीं तर जागतिक आरोग्य संघटनेनें ती १२० च सुचविली आहे. लहानशी म्हणून जिची कोणी भीति बाळगीत नाहीं, ती शिबिरांतील रायफलसुद्धां अशा रीतीनें मर्यादेच्या उंबरठ्यावर उभी असते.

मोठ्या आवाजापासून कानाचें रक्षण करण्याची थोडी योजना निसर्गानेंहि केली आहे. मधल्या कानांत एक चिमुकला स्नायु असतो. गोंगाट सुरू झाला कीं तो आकसतो आणि आंत जाणारा आवाज कांहींसा रोखतो. पण त्यास आकसावयास सेकंदाचे कांहीं शतांश तरी लागतात. बंदुकीचा बार त्यापूर्वींच कानांत शिरून आपलें काम करून मोकळा होतो. चोर घरांतून निघून गेल्यावर दाराला कडी घालावी, तसा हा प्रकार.

हें काम कोठें होतें, तें पाहण्यासारखें आहे. कानाच्या आंत खोलवर, गोगलगाईच्या शंखासारख्या एका पोकळींत, केसाळ टोकांच्या सुमारें १५ हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्यांचीं टोकें डोलतात आणि मज्जातंतूंच्या वाटेनें तो संदेश मेंदूला पोंचतो. शेतांत वाऱ्यानें ज्वारी डोलावी, तसें हें डोलणें. पण वादळ आलें कीं ज्वारी आडवी होते. एकदां आडवी झालेली ज्वारी कधींकधीं पुन्हां उभी राहते. चांदमारीनंतर कानांत बसलेले दडे रात्रीपर्यंत सुटतात, तें यामुळेंच. परंतु वादळें वारंवार आलीं, किंवा एकच फार मोठें आलें, तर ताट मोडतें. कोंबडीच्या कानांत मोडलेल्या पेशी पुन्हां उगवतात, हें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. पंधरा हजारांचें हें पीक एकदांच पेरलें जातें, आणि त्यावरच जन्म काढावा लागतो.

ही हानि लपतछपत येते, म्हणून ती अधिक घातक. बंदुकीनें बिघडलेला कान प्रथम मोठ्या, जाड आवाजाला बहिरा होत नाहीं. तो बारीक, उंच आवाजाला बहिरा होतो. ढोल ऐकूं येतो, मोटारीचा भोंगा ऐकूं येतो, कोणी ओरडलें तर तेंहि ऐकूं येतें. त्यामुळें आपला कान ठीक आहे, अशी त्या माणसाची खात्री असते. आणि भाषेंत स्वर जाड असतात, कित्येक व्यंजनें बारीक. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हीं अक्षरें अशा कानांतून पहिल्यानें निसटतात. मोंढ्यावर व्यापारी ‘साठ’ म्हणतो आणि याला ‘आठ’ ऐकूं येतें. नातू ‘शाळा’ म्हणतो आणि आजोबांस नुसता ‘आळा’ कळतो. हिंगोलीजवळच नर्सी हें संत नामदेवांचें गांव आहे. तेथें कीर्तनाला बसलेल्या अशा माणसास मृदंग पुरा ऐकूं येतो. पण टाळांचा लखलखीत झणत्कार मात्र कोणी टाळांवर कांबळें टाकावें तसा मंद वाटूं लागतो. त्यास वाटतें, हल्लीचे टाळकरीच ढिले पडले!

उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्या माणसाचा डावा कान आधीं बिघडतो, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नेम धरतांना डोकें दस्त्याकडे झुकून कलतें, डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. कान तपासणाऱ्या वैद्याला दोन्ही कानांच्या आलेखांतला हा फरक दिसला, म्हणजे त्याला बंदुकीची शंका आल्यावांचून राहत नाहीं.

यावर पुष्कळ अनुभवी माणसें एक उत्तर देतात: “कांहीं होत नाहीं, चार दिवसांत सवय होते.” हें उत्तर खरें आहे, आणि त्याचें खरेंपण हीच दुःखाची गोष्ट आहे. पहिल्या दिवशीं जो बार कानाला बोचला तो महिन्यानें बोचत नाहीं, याचा अर्थ कान धीट झाला असा नसून, बोचणें ज्याला कळावें तें इंद्रियच बोथट होत चाललें आहे, असाहि असूं शकतो. तळहातांस घट्टे पडून ते कणखर होतात; कानांस घट्टे पडत नाहींत. कांहीं जण कापसाचा बोळा घालून समाधान मानतात. थंडींत वारा लागूं नये म्हणून कापूस ठीक आहे. बंदुकीच्या बारापुढें तो जवळजवळ निरुपयोगी होय. चाळणीनें पाऊस अडवावा, तसें तें आहे.

तर मग कानांवर काय घालावें? या प्रश्नाचें उत्तर बहुतेक लोक डब्यावर छापलेल्या आंकड्यांत शोधतात. ज्याचा आंकडा मोठा तें साधन उत्तम, असें त्यांस वाटतें. येथेंच खरी चूक होते. तो आंकडा प्रयोगशाळेंत, जाणत्या हातांनीं नीट बसवून काढलेला असतो. मैदानावर, घाईंत, घामानें भिजलेल्या डोक्यावर तितका लाभ पदरांत पडत नाहीं. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साधन कितीहि उत्तम असलें, तरी तें टोंचूं लागलें, आवळूं लागलें किंवा तापूं लागलें, कीं मनुष्य तें काढतो. आराम ही येथें चैन नाहीं. संरक्षण टिकतें तेंच आरामाच्या जोरावर.

थोडें गणित केलें म्हणजे हें पटेल. समजा, एखाद्या नेमबाजाचें साधन बाराची तीव्रता ३० डेसिबेलांनीं, म्हणजे हजारपट कमी करतें. साठ फैरींपैकीं चोपन्न फैरींस त्यानें तें नीट घातलें, आणि कान दुखूं लागला म्हणून शेवटच्या सहा फैरी उघड्या कानानें झाडल्या. उघड्या कानानें साठहि फैरी झाडल्या असत्या तर कानांत जी ऊर्जा गेली असती, तिचा दहावा हिस्सा या सहा फैरींनींच आंत सोडला. म्हणजे हजारपटीचें संरक्षण दहापटीवर आलें. ३० डेसिबेलांचे हिशेबांत १० च उरले! याउलट, २२ डेसिबेलांचें साधें पण सुखद साधन ज्यानें पहिल्यापासून शेवटपर्यंत काढलें नाहीं, तो त्याच्याहून कितीतरी सुरक्षित राहिला.

साधनें मुख्यतः दोन जातींचीं. एक, कानाच्या आंत बसणारे बोळे. आणि दुसरें, कानांवर बसणाऱ्या वाट्या, ज्यांस बाजारांत ‘ईअर मफ’ म्हणतात.

बोळ्यांची परंपरा जुनी आहे. जर्मनींत विसाव्या शतकाच्या आरंभीं माक्स नेगवेर या औषधविक्रेत्यानें मेणाच्या गोळ्या विकावयास काढल्या. आज सर्वांत प्रचारांत आहेत ते मऊ फेसाळ स्पंजाचे बोळे, जे दाबल्यावर सावकाश फुगतात. ते स्वस्त, हलके आणि उन्हाळ्याला सोयीचे असतात. पण दहांतले निम्मे लोक ते नुसते कानाच्या तोंडाशीं टेंकवून ठेवतात आणि मग ‘उपयोग होत नाहीं’ म्हणून तक्रार करतात. रीत अशी आहे: हात स्वच्छ धुवावे, बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागें ओढावी, म्हणजे आंतील वाट सरळ होते, मग बोळा आंत सरकवून तो फुगेपर्यंत, सुमारें अर्धा मिनिट, बोटानें धरून ठेवावा. नीट बसला कीं स्वतःचा आवाज स्वतःस घुमल्यासारखा वाटतो. दुसरी परीक्षा अशी कीं, बोळे घातल्यावर तळहात कानांवर घट्ट ठेवून पाहावे. बाहेरच्या गलबल्यांत फारसा फरक पडला नाहीं तर बोळे ठीक बसले आहेत. काढतांना हिसका देऊं नये. हळूच पिळून सोडवावा.

कानाची वाट प्रत्येकाची सारखी नसते. स्त्रियांची व मुलांची बहुधा अरुंद असते. त्यांना नेहमींच्या मापाचा बोळा दुखतो आणि मग तो अर्धाच आंत जातो. त्यांनीं लहान माप मागून घ्यावें. रबरासारख्या मऊ द्रव्याचे, छत्र्यांवर छत्री असावी तशा आकाराचे बोळेहि मिळतात. ते धुवून पुनः वापरतां येतात. जो रोज नेमबाजी करतो त्यानें कानाचा सांचा घेऊन स्वतःपुरते बोळे करवून घ्यावे. त्यांस पैसे अधिक पडतात, पण शिंप्यानें अंगावर बेतलेल्या सदऱ्याप्रमाणें ते जाणवतहि नाहींत. कान वाहत असेल, ठणकत असेल किंवा मळानें भरला असेल, तर मात्र आधीं वैद्याकडे जावें. बोळा घालूं नये.

वाट्यांचा गुण असा कीं, त्या घालावयास शिकावें लागत नाहीं, आणि कोणीं घातल्या व कोणीं नाहीं हें उस्तादाला ओळीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतें. त्यांचा दोष असा कीं, त्या जड असतात आणि उकडतात. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढतो. अशा वेळीं कानाभोंवतीं घाम सांचून मनुष्य बेजार होतो. म्हणून वजनाला हलकी, रुंद व मऊ गादीची वाटी निवडावी. गादी घामानें कडक होऊन तडकली कीं ती बदलावी. तडकलेल्या गादीची वाटी म्हणजे बूड फुटलेली घागर. चष्म्याच्या जाड दांड्या, टोपीची कड, ओढणी किंवा केसांचा झुबका गादीखालीं सांपडला तर फट राहते, आणि फटींतून आवाज पाण्यासारखा आंत शिरतो. चष्मा लावणाऱ्यानें बारीक दांडीचा चष्मा वापरावा, किंवा सरळ बोळेच घ्यावे. वरची पट्टी डोक्याला आवळते म्हणून ती वांकवून सैल करण्याची खोड पुष्कळांस असते; तसें केल्यानें वाटी कानाला टेंकते खरी, पण बसत नाहीं.

रायफल चालविणाऱ्यास आणखी एक अडचण येते. गाल दस्त्यावर टेंकला कीं जाड वाटी दस्त्याला थटते आणि जागची हलते. ज्या क्षणीं बार व्हावयाचा, नेमकी त्याच क्षणीं फट पडते. म्हणून रायफलीसाठीं पातळ, खालून निमुळती वाटी घ्यावी, किंवा बोळे घालावे. पिस्तुलवाल्यास ही अडचण येत नाहीं. तीन आसनांच्या सामन्यांत गुडघ्यावर बसून, पालथें निजून व उभें राहून साठ फैरी झाडीपर्यंत दीड तास जातो. तेवढा वेळ डोक्यावर जें ओझें होणार नाहीं तेंच निवडावें. दुकानांत क्षणभर घालून घेण्यापेक्षां, घरीं अर्धा तास तें घालून वर्तमानपत्र वाचून पाहावें. त्या अर्ध्या तासांत हात एकदांहि कानाकडे गेला नाहीं, तर साधन आपलें समजावें.

बंदिस्त जागेंत भिंतींवरून आवाज परत येतो. तेथें, आणि मोठ्या काडतुसांच्या बंदुकांपाशीं, बोळे व वाट्या दोन्ही घालाव्या. परंतु तीस नि तीस साठ, असा हिशेब येथें करूं नये. दोहोंचा लाभ मोठ्या आंकड्यापेक्षां जेमतेम पांचेक डेसिबेल अधिक. कारण कांहीं आवाज कवटीच्या हाडांतूनच आंत जातो.

“मग उस्तादाचा हुकूम कसा ऐकूं यावा?” हा प्रश्न रास्त आहे. हुकूम न ऐकतां सुटलेली गोळी बहिरेपणाहूनहि भयंकर. आवाज अति अडविणारें साधन याच कारणानें घातक ठरतें. शिकाऊ मुलगा हुकूम ऐकण्यासाठीं एक वाटी उचलतो, आणि तेवढ्यांत शेजाऱ्याचा बार होतो. विजेवर चालणाऱ्या वाट्यांत बोलणें ऐकूं येतें आणि बार मात्र अडतो. शिकविणाऱ्यास त्या फार उपयोगी. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र खेळाडूस ध्वनि ग्रहण करणारें साधन लावण्याची मनाई आहे, म्हणून सामन्याची तयारी साध्या साधनानेंच करावी. बाकी ठिकाणीं हुकुमाबरोबर हाताची खूण ठेवली, आणि शेवटली बंदूक खालीं ठेवली जाईपर्यंत कोणींहि कान उघडूं नये असा दंडक घातला, कीं प्रश्न सुटतो. हा दंडक मागें उभ्या असणाऱ्यांस, पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुलांस आणि स्वतः उस्तादालाहि लागू असावा. जवान वर्षाकांठीं मोजक्या फैरी झाडतो. उस्ताद प्रत्येकाच्या फैरी ऐकतो.

नेमाच्या दृष्टीनेंहि यांत लाभ आहे. ज्याचे कान उघडे असतात त्याचें मन बार होण्यापूर्वींच दचकून बसतें. चाप ओढतांना बोट हिसका देतें आणि गोळी खालीं जाते. कान निर्धास्त झाले कीं बोटहि निर्धास्त होतें. चांदमारीनंतर कानांत कुणकुण राहिली, तर ती कानाची फिर्याद समजावी. आणि दुसऱ्या दिवशींहि दडे सुटले नाहींत, तर विलंब न लावतां कानाच्या डॉक्टरकडे जावें. वर्षांतून एकदां कानांची परीक्षा करून तिचा आलेख जपून ठेवणें हें नळी साफ करण्याइतकेंच नियमाचें काम झालें पाहिजे.

कल्पना करावी कीं, तीस वर्षें इमानानें नोकरी करून एक जवान घरीं परतला आहे. छातीवर पदक आहे, अंगावर एकहि जखम नाहीं. संध्याकाळीं तो ओसरीवर बसतो. आंतून पत्नी म्हणते, “अहो, ऐकलंत का?” आणि तो ऐकत नाहीं. ती दुसऱ्यांदां हांक मारते, तिसऱ्यांदां मारते, आणि पुढें पुढें हांक मारणेंच सोडून देते. नात गोष्ट सांगावयास येते; आजोबा भलत्याच ठिकाणीं हंसतात, तें पाहून ती हिरमुसून निघून जाते. या जखमेस पट्टी बांधतां येत नाहीं, आणि तिच्याबद्दल पदकहि मिळत नाहीं. ती टाळण्याचा खर्च मात्र पहिल्या दिवशीं एका चहाच्या किमतीएवढा होता.

येत्या दसऱ्यास ज्या घरीं बंदूक पाटावर मांडली जाईल, तेथें तिच्या शेजारीं बोळ्यांची एक लहानशी डबीहि ठेवावी, आणि दोहींवर सारख्याच भक्तीनें फूल वाहावें.